उजाडेपर्यंतची पानं

सोलापुरात थंडी पडते असं मी म्हणलं की माझी नाशिकची नणंद फोनवर हसते. तिच्या लेखी सोलापूर म्हणजे बारा महिने ऊन. तिचं फार चुकतंय असंही नाही म्हणा, मे महिन्यात पारा ४२-४३ ला टेकतो तेव्हा दुपारी आम्ही माणसात नसतो. पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे १२-१४ अंशापर्यंत उतरतं की इथं, आणि तेवढ्यावर सुद्धा आमच्या गल्लीत माकडटोप्या निघतात, मफलर निघतात, आणि ज्या चादरी आपण जगाला विकतो त्यांच्यात अख्खं शहर नाकापर्यंत गुंडाळून पडलेलं असतं. उन्हात मुरलेल्या शरीराला १३ अंश म्हणजे खरीच थंडी असते, त्यात नाटक काही नाही.

तर विषय रनिंगचा. एवढ्या थंडीत रोजचं पळणं कसं काय चालू ठेवता मॅडम, असं कॉलेजच्या स्टाफरूममध्ये दर डिसेंबरला कुणीतरी विचारतंच. मला वाटतं प्रश्न उलटा विचारायला पाहिजे. सोलापूरच्या माणसाला पळायचंच असेल तर त्याच्या हातात नीट असे हेच चार महिने असतात. उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला बाहेर पडलं तरी हवा २६-२७ अंशाची असते, मग अंग गार ठेवायला रक्त कातडीकडं पळतं, पायांच्या वाट्याला कमी येतं, हृदयाला तेवढ्याच वेगासाठी जास्त ठोके टाकावे लागतात, वर घामानं पाणी जातं ते वेगळंच. जो वेग मे महिन्यात घशाशी येतो तोच जानेवारीत बोलत बोलत जमतो. आपण काही सुधारलेलो नसतो, फक्त हवा बदललेली असते. हे कळायला मला दोन हिवाळे लागले, पहिल्या हिवाळ्यात मला वाटलं आपण आता हाफ मॅरेथॉनला तयार झालो, आणि मार्च आला तसं ते वाटणं आपोआप गेलं.

म्हणजे थंडी हा प्रश्नच नाही. पहिला किलोमीटर पोटऱ्या लाकडासारख्या असतात, बोटं गार पडतात, नाकातून पाणी येतं, संपलं. घरातच पाच मिनिटं जागच्या जागी उड्या मारून, पाय झटकून बाहेर पडलं की तेही निम्मं होतं. खरा प्रश्न अंधाराचा आहे. त्याबद्दल कुणी विचारत नाही, विशेषतः पुरुष रनर्स तर अजिबातच नाही.

मी जुळे सोलापूरला राहते. पळायचा रस्ता विजापूर रोडनं संभाजी तलावापर्यंत, ज्याला जुनी माणसं अजून कंबर तलावच म्हणतात, आणि तिथनं जमेल तसं फिरून परत. आता हा रस्ता उजेडात अगदी सरळसाधा आहे, फिरायला येणारे असतात, योगावाले असतात, फुलं तोडणाऱ्या आज्या असतात. पण अंधारात तोच रस्ता वेगळा होतो. शेकोटीच्या राखेत झोपलेली कुत्री पळणाऱ्या माणसाला बघून अचानक कर्तव्यदक्ष होतात. खड्डे दिसत नाहीत. आणि नोव्हेंबरपासून गाळप हंगाम सुरू झालेला असतो त्यामुळं उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या, उसाच्या मोळ्या दोन्ही बाजूला हातभर बाहेर आलेल्या, मागचा लाल दिवा किंवा रिफ्लेक्टर असेलच अशी काही गॅरंटी नाही, आणि ड्रायव्हर झोप येऊ नये म्हणून एवढ्या मोठ्यानं गाणी लावतो की तुम्ही ओरडलात तरी त्याला ऐकू जाणार नाही. त्यात बाईनं एकटीनं पळायचं. मैत्रिणी आहेत दोघी, पण एकीला संधिवात आहे, एकीच्या घरी लहान नातू, रोज येतीलच असं नाही. म्हणून माझा नियम साधा आहे, समोरच्या माणसाचा चेहरा ओळखू येईल एवढं उजाडल्याशिवाय गेटच्या बाहेर पाय टाकायचा नाही. हेडटॉर्च आहे माझ्याकडं, भाच्यानं दिलेला, पण त्यानं मला रस्ता दिसतो, मला बघणाऱ्याच्या मनात काय आहे ते दिसत नाही.

नियम साधा असला तरी तो पाळायला गेलं की गंमत कळते. उजाडतंच उशिरा. आणि ते रोज आणखी उशिरा होत जातं.

आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं की २१-२२ डिसेंबर हा सगळ्यात लहान दिवस, आणि घरात ऐकलेलं असतं की संक्रांतीपासून दिवस तिळातिळानं वाढतो. मी पण त्याच हिशोबानं वाट बघायचे, की चला डिसेंबर सरला, आता सकाळ लवकर व्हायला लागेल. होत नाही! सोलापुरात नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य साधारण ६:२५ ला उगवतो, डिसेंबरच्या मध्यावर ६:५० ला, आणि सगळ्यात लहान दिवस होऊन गेल्यावर सुद्धा तो पुढं पुढंच सरकत राहतो, जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सात वाजतात तेव्हा कुठं थांबतो. (भिंतीवरच्या कॅलेंडरात बऱ्याचदा मुंबईची वेळ असते, आपण पूर्वेला आहोत म्हणून आपला सूर्य त्यांच्या १२-१५ मिनिटं आधी, हे धरून चालावं.) दिवस मोठा होत असतो हे खरंच असतं, पण तो संध्याकाळच्या बाजूनं. सगळ्यात लवकर सूर्य मावळतो तो नोव्हेंबरच्या शेवटाकडं, पावणेसहाच्या आसपास, आणि संक्रांतीपर्यंत तो सव्वासहाकडं आलेला असतो. याचं कारण असं की पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सगळ्यात जवळ असते आणि तेव्हा ती सगळ्यात जोरात पळत असते, शिवाय तिचा आस कललेला, दोन्ही मिळून सूर्य डोक्यावर यायची वेळ त्या दिवसांत रोज जवळजवळ अर्ध्या मिनिटानं पुढं जाते. म्हणजे उगवणं आणि मावळणं दोन्ही एकत्रच पुढं ढकललं जातं. दिवस वाढतो तो फायदा मावळतीला मिळतो आणि उगवती मात्र तोट्यात राहते.

हे मी सासूबाईंना घड्याळ दाखवून, कागदावर लंबगोल काढून समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तीळ संध्याकाळकडनं वाढायलेत म्हण की. मग म्हण खोटी कुठं झाली?"

झाली नाही खोटी. मी गप्प.

आता मुद्दा असा की माझी झोप पाचला उघडते. ऑक्टोबरपर्यंत पाचला उठून, चहा घेऊन, मुलीच्या डब्याची अर्धी तयारी करून सहाला बाहेर पडायचं अशी घडी बसलेली असते, आणि शरीराला कोण सांगणार की बाई आता पृथ्वी जवळ आलीय, तू जरा पडून राहा. पडून राहिलं तर काय होतं ते सगळ्यांना माहितीय. चादरीतून उठणं ही रोजची एकदाच करायची लढाई आहे, ती पाचला जिंकली तर जिंकली, साडेसहाला परत लढायला गेलं की हार नक्की. म्हणून उठायचं तर पाचलाच. आणि मग पाच ते साडेसहा करायचं काय?

इथं वाचन आलं. आणि ते कसं आलं हे जरा सांगायला पाहिजे, कारण रनिंगनं आधी माझं वाचन खाल्लं होतं. मी मूळची रात्रीची वाचक. अकरा-साडेअकरापर्यंत सगळे झोपले की दिवाणखान्यात दिवा लावून वाचायचं, एकला झोपायचं, हे कॉलेजात असल्यापासूनचं. पळायला लागले तसं दहा वाजता डोळे मिटायला लागले. पुस्तक छातीवर, चष्मा नाकावर, दिवा चालू, नवरा येऊन बंद करायचा. एकच पान चार रात्री वाचलंय मी. रनिंगवाल्या लोकांचे अनुभव वाचा, सगळे सांगतात की पळायला लागल्यापासून आयुष्यात एनर्जी आली, फोकस आला, अमुक आलं तमुक आलं, त्याच्या बदल्यात काय गेलं ते कुणी लिहीत नाही. माझी रात्र गेली. मला ती आवडायची.

तर तो पहाटेचा दीड तास आयता सापडला. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. टेबललॅम्प, अंगावर शाल, चहा. बाहेर काळोख, आणि वाचायला चालू आहे मारुती चितमपल्लींचं 'चकवाचांदण : एक वनोपनिषद'. त्यांचं आत्मचरित्र, चांगलं जाडजूड. मी हे पूर्वी अर्धवट वाचलेलं, लायब्ररीची मुदत संपली म्हणून परत केलेलं. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला ते इथं सोलापुरातच गेले. ९२ वर्षांचे होते. जन्मही इथलाच, ५ नोव्हेंबर १९३२. तेलुगूभाषक घरातला मुलगा, गिरण्यांच्या गावात वाढलेला, आणि आयुष्यभराचं काम काय तर जंगल! ज्या गावात सावलीला झाड शोधावं लागतं तिथनं मराठीला तिचा सगळ्यात मोठा अरण्यलेखक मिळाला, याचं मला फार नवल वाटायचं. पुस्तकातला सुरुवातीचा सोलापूरचा भाग वाचला की नवल कमी होतं. झाडापाखरांची माहिती त्यांना घरातल्याच मोठ्या माणसांकडनं, आईकडनं मिळत होती. म्हणजे तेव्हा ती घराघरांत होती. माझ्या आजीलाही दहा-बारा पाखरं नावानिशी माहीत होती, मला मोठी होईपर्यंत कावळा, चिमणी, साळुंकी आणि बाकी सगळे 'ते बघ पक्षी'.

कोईमतूरला वनशिक्षण, मग वनखात्यात ३६ वर्षं, १९९० ला निवृत्त. मध्ये कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट. नोकरी करता करता हा माणूस संस्कृत शिकला, जुन्या ग्रंथांतले पशुपक्षी धुंडाळत बसला, हंसदेवाचं 'मृगपक्षिशास्त्र' मराठीत आणलं. आणि रोज डायरी लिहिली. मला त्या सगळ्यात डायरीचं जास्त वाटतं. जंगलात राहणारे, जंगल जाणणारे कितीतरी लोक असतील. दिवसभर चालून आल्यावर कंदिलापाशी बसून आज काय बघितलं ते लिहून ठेवायचं, आणि हे वर्षानुवर्षं, त्याला माझ्या मते फार मोठी शिस्त लागते, आम्ही चार किलोमीटर पळून आलो की स्क्रीनशॉट टाकतो त्या शिस्तीपेक्षा कितीतरी मोठी.

नवेगावबांधचा भाग मी मुद्दाम हळू वाचला. तिथले माधवराव पाटील, त्यांचं तळ्याबद्दलचं, पाखरांबद्दलचं ज्ञान, आणि सरकारी अधिकारी असून चितमपल्लींनी त्यांच्यापुढं विद्यार्थी होऊन बसणं. आमच्याकडं शिक्षणक्षेत्रात हे दिसत नाही. आम्हाला कुणाकडनं तरी शिकायचं म्हणजे आधी सर्टिफिकेट लागतं, त्यावर सही लागते.

या पुस्तकाचं आणि पळण्याचं काही नातं जुळेल असं मला वाटलं नव्हतं. हे चालणाऱ्याचं, थांबणाऱ्याचं पुस्तक आहे, रनर लोकांनी वाचायचं पुस्तक दुसरंच, ते जपानी कादंबरीकार हारुकी मुराकामीचं, स्वतःच्या पळण्याबद्दलचं. तेही वाचलंय मी, वाढदिवसाला दोघांनी दिलं त्यामुळं दोन कॉपी आहेत घरात. माणूस १९८२ मध्ये ३३ व्या वर्षी पळायला लागला आणि मग थांबलाच नाही, कादंबरी आणि पळणं दोन्ही एकाच चिकाटीनं. त्यातली एक गोष्ट मला पटली, की अजून थोडं जमेल असं वाटतंय तिथंच त्या दिवसाचं काम थांबवायचं, म्हणजे उद्या सुरुवात सोपी जाते. मी ते पळण्यात करते, दमायच्या आधी घरी. बाकी त्याच्या रस्त्यांवर नळाला चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी येत नाही.

हो, पाण्याचं सांगायलाच पाहिजे. सोलापूरबाहेरच्यांना हे सांगूनही खरं वाटत नाही. शंभरेक किलोमीटरवर उजनी तुडुंब भरलेली असते आणि इथं नळाला चार-पाच दिवसांतनं एकदा पाणी, ते कधी येईल त्याचा भरवसा नाही, पहाटे तीनला येईल, सहाला येईल. पाणी आलं की रनिंग रद्द. यात वाटाघाट नाही. मोटर लावा, टाकी, मग बॅरल, मग घागरी, मग वापरायचं वेगळं, प्यायचं वेगळं. जगातल्या कुठल्याही ट्रेनिंग प्लॅनमध्ये रेस्ट डे असतो, आमच्याकडं तो नळ ठरवतो. मी आता त्याला शिव्या घालणं सोडलंय, आठवड्यातनं एक-दोन दिवस पायांना विश्रांती पाहिजेच असते, आणि बॅरल भरायला जो वेळ लागतो त्यात दहा पानं होतात. फक्त पुस्तक मोटरच्या बाजूला धरायचं नाही, पाइप निसटतो.

तर नातं. कुत्री, ट्रॅक्टर आणि अंधार यांच्यामुळं मी इयरफोन घालणं आधीच बंद केलं होतं, कान उघडे पाहिजेत म्हणून. नुसत्या भीतीपोटी. पण दीड तास कुणीतरी कानात पाखरांबद्दल सांगितलेलं असतं, आणि लगेच उठून तुम्ही अर्धवट उजेडात रस्त्यावर जाता, तेव्हा डोळ्यांना दिसत काही नसतं पण कान मात्र तयार झालेले असतात. सगळ्यात आधी बोलतो तो कोतवाल, अजून नीट उजाडलेलंही नसतं तेव्हा तारेवर बसून. मग टिटवी, ती तर रात्रभर जागीच असते बहुतेक. मैदानाच्या कडेच्या जुन्या लिंबावर पिंगळ्यांची जोडी आहे, त्यांचं भांडण रोजचं, नवरा-बायकोच असणार. मी हे सगळे आवाज आधीही ऐकलेले असणार. इथंच राहते मी वीस वर्षं झाली. पण आवाजाला मालक असतो हे मनात नव्हतं.

तलावावर थंडीत पाहुणे येतात. जलपर्णी काढलेली असेल तर पाणी दिसतं आणि त्यावर वारकरी नावाचे पक्षी दिसतात, काळे, कपाळाला पांढरा टिळा, घोळक्यानं, नाव ज्यानं ठेवलं तो पंढरपूरच्या जिल्ह्यातला असावा. काठाच्या चिखलात तुतवार शेपूट हलवत फिरत असतो. धोबी येतात, तेही शेपूट हलवणारेच. मी थांबते. पळता पळता सरळ थांबते आणि बघते. मनगटावरचं घड्याळ लगेच विचारतं, संपलं का? आमच्या ग्रुपमधला एक उत्साही मुलगा आहे, ग्रुपला सगळ्यांचे आकडे दिसतात, त्यानं एकदा रस्त्यातच गाठून विचारलं, "मॅडम, काय करलालाव तुम्ही? पेस कसला हा, कासवाचा?" त्याला म्हणलं, बदकं बघायलोय. तो बिचारा "बरं बरं" म्हणून पुढं गेला, त्याला हाफच्या तयारीला लागायचं होतं.

पण खरं सांगते, हळू झाल्यामुळंच माझं रोजचं टिकलंय. पळण्यातले जाणकार सुद्धा आता हेच सांगतात की आठवड्यातलं बहुतेक पळणं इतकं सावकाश पाहिजे की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, सांधे-स्नायू त्यात सावरतात, दम वाढतो, आणि रोज रोज जोर लावणारी माणसं दुखणी घेऊन घरी बसतात. हे मला पाठ होतं. पाठ असून मी दरवेळी पुढच्या माणसाला गाठायला जायचे, तो माझ्या मुलाच्या वयाचा असला तरी. त्यातनं सुटका पाखरांनी केली, शास्त्रानं नाही.

रविवारी जरा लांबचं पळते, मैत्रिणी असतील तर. कधी सोरेगावच्या पुढं शेतांच्या बाजूला. डिसेंबर-जानेवारीत दोन्हीकडं ज्वारी उभी असते, रब्बीची, पावसाच्या थेंबाशिवाय नुसत्या काळ्या मातीतल्या ओलीवर आणि दवावर वाढलेली. कणसं भरत आली की भोरड्या येतात. त्यांचा थवा उठतो तेव्हा आम्ही तिघी पण थांबतो, संधिवातवाली तर सगळ्यात आधी. एवढी हजारो पाखरं एकदम वळतात आणि एकमेकींना धडकत नाहीत. शेतकरी मात्र गोफण घेऊन माळ्यावर उभा असतो, त्याला त्यात सौंदर्य वगैरे काही दिसत नाही, आणि का दिसावं, दाणा त्याचा जातोय. भोरड्या टोळही खातात हे त्याला सांगायची माझी हिंमत झाली नाही. एका मामांनी आम्हाला उलट हाक मारली, "ताई, पळताय कशाला, हुरडा खाऊन जावा की." आगटी पेटलेलीच होती. गोवऱ्यांच्या आरात भाजलेली कणसं, हातावर चोळून काढलेला हिरवा गरम दाणा, शेंगाचटणी, गूळ, वर दही. परत येताना आम्ही चालत आलो. त्या दिवशीचं अॅपवरचं पळणं अर्ध्यावर तुटलेलं दिसतंय, दिसू दे.

आणि जानेवारीचा दुसरा आठवडा आला की सोलापुरात कुणालाच कुठल्याही रुटीनचं काही सांगू नये. गड्डा. सिद्धेश्वरांची यात्रा. तिच्या किती तरी दिवस आधीपासनं रात्री नंदीध्वज पेलायचा सराव चालू असतो, पोरं दिवसभर कामं करून येतात आणि तो उंचच्या उंच वेळू कमरेला पट्टा बांधून तोलत चालतात. रोज. कुणी मेडल देत नाही, टाइमिंग लावत नाही, तो खाली येऊ द्यायचा नाही एवढंच. भोगीच्या आदल्या-मधल्या गडबडीत घरात बाजरीच्या तीळ लावलेल्या भाकऱ्या, भोगीची भाजी, आणि शहरात सात नंदीध्वजांची मिरवणूक, ६८ लिंगांना तेलाभिषेक करत अख्ख्या गावाला वळसा. पांढऱ्या बाराबंद्या घातलेली माणसं एवढं अंतर अनवाणी चालतात आणि आम्ही दहा हजाराचे बूट घालून गुडघ्याचं बोलतो. संक्रांतीला अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धेश्वरांच्या योगदंडाचं लग्न, दुसऱ्या दिवशी होम, नंतर शोभेचं दारूकाम. त्या चार दिवसांत मी पळत नाही, वाचतही नाही. १२ तारखेला तेवढी सकाळी चार हुतात्मा पुतळ्यापर्यंत जाऊन येते. १९३१ ला त्या तारखेला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी दिली होती. विजापूर रोडनं सात रस्ता, तिथनं पार्क चौकाकडं, सकाळी सकाळी तिथं हार घेऊन माणसं आलेली असतात, शाळेची पोरं रांगेत, आणि आपण घामेजल्या टीशर्टमध्ये उभं राहायला जरा संकोचच वाटतो. पण जाते.

यात्रेनंतरचे दिवस खरे अवघड. सण संपलेले, गोडधोड अंगात, उत्साह खाली बसलेला, आणि सकाळ तर अजून सातलाच होतेय. ज्यांचं पळणं बंद पडतं त्यांचं याच आठवड्यात पडतं असं माझं निरीक्षण आहे. डिसेंबरात नाही, डिसेंबरात थंडीचं कौतुक असतं, नवे बूट असतात, नव्या वर्षाचे संकल्प असतात. जानेवारीच्या शेवटी त्यातलं काही उरत नाही. धूरही तेव्हाच जास्त, पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि जड असते, वरची त्यापेक्षा उबदार, त्यामुळं शेकोट्यांचा, जळत्या कचऱ्याचा धूर वर न जाता माणसाच्या नाकाच्या उंचीवर रेंगाळतो. ऊन पडल्यावरच तो हलतो. म्हणून त्या दिवसांत मी आणखी उशिरा निघते, आणि पुस्तकाला आणखी वेळ मिळतो. मला पाचला उठवतं कोण, पळणं की पुस्तक, हे त्या दिवसांत माझं मलाच सांगता येत नाही. काल प्रकरण अर्धवट टाकून निघाले होते ते पुढं काय झालं, एवढ्यासाठी उठते मी. उठलेच आहे तर उजाडल्यावर पळून येते.

मधे मधे दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' असतं. ते एकदम वाचायचं नाही असं ठरवलंय, बारा महिन्यांचे बारा लेख, ज्या महिन्यात जो असेल तो. पौषातला पौषातच वाचला. त्यांचं बघणं वेगळं, त्या एका पानाच्या रंगावर थांबतात, तो आज काल परवा कसा बदलत गेला ते सांगतात. चितमपल्लींबरोबर दिवसभर चाललं आणि दुर्गाबाईंबरोबर एका झाडाखाली बसलं, असं काहीसं होतं. दोघांतलं कोण जास्त आवडतं असं मुलीनं विचारलं. मी म्हणलं, सकाळी हे, रविवारी त्या.

आता फेब्रुवारी अर्धा सरला. सूर्य ६:५० च्या आसपास आलाय, महिनाअखेरीला आणखी पाच-सहा मिनिटं मागं येईल. फार नाही, पण मला तो बदल पानांत कळतो, प्रकरण संपायच्या आत खिडकी फिकट होते आणि मग जीव अडकतो, पुस्तकात राहू का बुटात पाय घालू. शिवाय मुलीची बारावीची परीक्षा सुरू झालीय, पाचला टेबललॅम्पवर तिचा हक्क. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्यानं वाचते, एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातानं तिचं दूध ढवळत, चितमपल्लींचं पुस्तक एका हातात धरण्याच्या वजनाचं नाही हा शोध तेव्हा लागला.

मे महिन्यात सूर्योदय सहाच्या जरा आत येतो आणि सातला तर ऊन भाजायला लागतं, म्हणजे तेव्हा पाचला उठून लगेच निघावं लागणार, वाचनाचा दीड तास गेला. 'मृगपक्षिशास्त्र' मिळवून ठेवलंय, ते कुठं बसवायचं बघू. नवरा म्हणतो कॉलेजला जाता-येता रिक्षात वाच. रिक्षात वाचलं की मला मळमळतं.